बॅलेटोमान : एक शब्द आणि एक प्रेक्षकवर्ग

१८८२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे बॅले ह्या नृत्यप्रकाराचा इतिहास आणि ललितकलांमधील त्याचे स्थान ह्या विषयावर रशियन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते. ‘बॅलेटोमानाची कृती’ एवढेच शब्द नावाच्या जागी छापलेले होते. हा बॅलेटोमान म्हणजे कोन्स्तान्तिन स्कालकोव्स्की होय. तो शिक्षणाने व व्यवसायाने खाणकामाचा अभियंता होता, आणि पुढे १८९१ पासून काही वर्षे त्याने रशियन साम्राज्याच्या खाणखात्याचे संचालकपद सांभाळले. एवढ्या अधिकाराच्या माणसाने आपले नाव झाकावे आणि त्या जागी आपल्या वेडाचा निर्देश करावा, ही गोष्ट त्या काळातील वाचकाला विलक्षण वाटली नसावी. कारण ‘बॅलेटोमान’ हे एका सुस्थापित सामाजिक वर्गाचे नाव होते. त्या वर्गाला त्याच्या ठरलेल्या खुर्च्या होत्या, ठरलेले वार होते, स्वतःची परिभाषा होती आणि स्वतःची वृत्तपत्रेही होती.

नृत्यकलेच्या इतिहासात नर्तकी, नृत्यरचनाकार आणि संगीतकार ह्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रेक्षकाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा आख्यायिकांच्या रूपाने. पीटर्सबर्गच्या बॅलेटोमानाच्या वाट्याला तर हास्यास्पद आख्यायिकाच अधिक आल्या आहेत. परंतु ज्या कलेला दीर्घकाळ लिपीच नव्हती, त्या कलेचा प्रेक्षक हा केवळ भोक्ता नसतो. तो तिचा साक्षीदार असतो, आणि कित्येकदा एकमेव साक्षीदार असतो. ह्या साक्षीदाराची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने गंभीरपणे हाताळण्यासारखा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘बॅले’ हा फ्रेंच शब्द इटालियन ‘बालेत्तो’वरून आला आणि त्याच्या मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधील ‘बाल्लारे’ म्हणजे नाचणे हा धातू आहे. ‘मान’ हा उत्तरघटक ग्रीक ‘मानिया’ म्हणजे उन्माद ह्यापासून फ्रेंचमार्गे आलेला. संगीतवेड्या मनुष्याला फ्रेंचमध्ये ‘मेलोमान’ म्हणत. त्याच साच्यावर ‘बॅलेटोमान’ घडला. दोन्ही घटक फ्रेंच मार्गाने आलेले असूनही हा शब्द रुजला आणि वाढला तो रशियन भाषेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पश्चिम युरोपाने तो नंतर रशियाकडून घेतला. इंग्रजीत त्याला प्रतिष्ठा मिळाली ती आर्नल्ड हॅस्केल ह्या समीक्षकाच्या १९३४ मधील ‘बॅलेटोमेनिया’ ह्या पुस्तकाने. ह्या प्रवासात अर्थाची छटाही पालटली. एकोणिसाव्या शतकातील रशियन लेखणीत ह्या शब्दात उपहासाची धार असे. हॅस्केलच्या इंग्रजीत तो मनुष्याने स्वतःहून अभिमानाने लावून घेतलेला बिल्ला झाला. स्कालकोव्स्कीचा ग्रंथ पाहता हा अर्थोत्कर्ष रशियनमध्येच सुरू झाला होता असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत ह्या शब्दाला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘रसिक’ ह्या शब्दामागे संस्कृत साहित्यशास्त्राची पुण्याई आहे, त्यामुळे बॅलेटोमानाच्या आचरटपणाला त्यात जागा उरत नाही. ‘शौकीन’ म्हटले की पैसा आणि रिकामपण ह्यांचा वास येतो, पण जाणकारी सुटते. ‘दर्दी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. फारसीतील वेदना मराठीत येऊन मर्मज्ञता झाली. गाण्यापुरता ‘कानसेन’ हा आपला खास शब्द आहे, पण डोळ्यांनी ऐकणाऱ्याला तो कसा लावावा? धन, आसक्ती आणि शास्त्रज्ञान ह्या तिहींचे मिश्रण बॅलेटोमानात आहे, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

ह्या वर्गाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मागे नेता येतो. पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’च्या पहिल्या अध्यायात नायक नाट्यगृहात उशिरा येतो, जमलेल्या लोकांवरून दुर्बीण फिरवतो आणि रंगमंचाकडे पाहून कंटाळतो, त्याच अध्यायात इस्तोमिना ह्या नर्तकीचे नृत्यही येते. ही इस्तोमिना कविकल्पना नव्हे. तिच्यावरून १८१७ मध्ये दोन तरुण सरदारांत द्वंद्वयुद्ध झाले आणि त्यातील शेरेमेतेव्ह प्राणास मुकला. ह्या भांडणातील दोन साक्षीदारांचे द्वंद्व लांबणीवर पडून पुढच्या वर्षी तिफ्लिस येथे झाले. त्यांपैकी एक म्हणजे नाटककार ग्रिबोयेदोव्ह. त्याच्या हाताला गोळी लागली. १८२९ मध्ये तेहरानमध्ये जमावाने रशियन वकिलातीवर हल्ला करून त्याची हत्या केली, तेव्हा छिन्नविच्छिन्न प्रेतांतून त्याचे प्रेत ह्या जुन्या जखमेवरून ओळखले गेले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मात्र ह्या पिढीचे प्रेम नर्तकीवर होते. नृत्यावर कितपत होते ह्याचा पुरावा थोडा आहे.

१८३७ मध्ये मारी तालिओनी पीटर्सबर्गास आली आणि हे चित्र बदलू लागले. पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहण्याची क्रिया तिच्यापूर्वीही कोणी कोणी करीत, पण तिने त्या क्रियेला कसरतीतून काढून काव्यात नेले. १८४२ पर्यंत ती दर हंगामात येथे नाचली. तिने शहर सोडल्यावर काही भक्तांनी तिचे नृत्याचे जोडे दोनशे रुबलांना विकत घेतले, ते शिजविले आणि रश्श्याबरोबर खाल्ले, ही आख्यायिका प्रत्येक बॅले-इतिहासात भेटते. तिची सत्यासत्यता ठरविणे कठीण आहे. परंतु आख्यायिका हाही एक पुरावाच असतो, तो घटनेचा नसला तरी ती सांगणाऱ्यांचा असतो. बॅलेटोमानाने असे काही केले असेल ह्यावर समाजाचा सहज विश्वास बसत होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

१८५१ मध्ये फानी एल्सलरने मॉस्कोचा निरोप घेतला. त्या वेळी ‘मॉस्कोव्स्किये वेदोमोस्ती’ ह्या वृत्तपत्राचा संपादक उत्साहाच्या भरात तिच्या घोडागाडीच्या चालकाशेजारी जाऊन बसला. हा वर्तनभंग वरिष्ठांना खपला नाही, आणि त्याला संपादकपद गमवावे लागले. त्याच्या जागी आला मिखाईल कात्कोव्ह, जो पुढे रशियन वृत्तपत्रसृष्टीतील सर्वांत प्रभावी सनातनी संपादक ठरला. एका नर्तकीच्या गाडीमागे राजकीय इतिहासाचा एवढा धागा निघावा, हे मौजेचे आहे. ह्या प्रेमाला दुसरी बाजूही होती. १८४८ मध्ये मॉस्कोत पीटर्सबर्गची नर्तकी येलेना आंद्रेयानोव्हा ‘पाकिता’ नाचत असता तिच्या अंगावर मेलेले मांजर फेकण्यात आले. नाट्यगृहांच्या संचालकाची तिच्यावर मर्जी होती, आणि मॉस्कोची स्वतःची आवडती नर्तकी वेगळी होती. उरलेल्या प्रेक्षकांनी त्याच वेळी आंद्रेयानोव्हाचा टाळ्यांच्या गजरात सत्कार केला, हेही सांगितले पाहिजे. १८६० नंतर पीटर्सबर्गात मार्फा मुराव्योव्हा आणि मारिया पेतिपा ह्या दोघींचे दोन पक्ष पडले होते. घरगुती कुळाचाराप्रमाणे लोक आपला पक्ष पाळीत.

ह्या प्रेक्षकवर्गाची रचना नाट्यगृहाच्या रचनेतच उमटलेली होती. १८८६ पर्यंत बॅलेचे प्रयोग १७८३ साली उघडलेल्या ‘बोल्शोय कामेन्नी’ म्हणजे मोठ्या दगडी नाट्यगृहात होत. नंतर ते १८६० मध्ये बांधलेल्या मारिइन्स्की नाट्यगृहात गेले. आठवड्यातील बुधवार आणि रविवार हे बॅलेचे वार. पुढच्या रांगांतील खुर्च्या वर्गणीदारांच्या असत आणि त्या व्यवहारतः वारसाहक्काने बापाकडून मुलाकडे जात. नव्या माणसाला तेथे शिरकाव मिळणे दुरापास्त होते. तमारा कार्साव्हिना हिने १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थिएटर स्ट्रीट’ ह्या आत्मवृत्तात ह्या रांगांचे चित्र काढले आहे. तेथील मंडळींचा एक शब्द नर्तकीची बढती घडवू वा बिघडवू शकत असे.

त्यांच्या बरोबर डोक्यावर, छताला टेकलेला, सर्वांत वरचा सज्जा होता. रशियनमध्ये त्याला ‘रायोक’ म्हणत. ‘राय’ म्हणजे स्वर्ग, ‘रायोक’ म्हणजे छोटासा स्वर्ग. फ्रेंच नाट्यगृहातील ‘पारादी’ ह्या शब्दाचे हे भाषांतर. ह्या स्वर्गात विद्यार्थी, कारकून, शिक्षिका अशी मंडळी असत. तिकिटासाठी ते हिवाळ्यात रात्र रात्र रांगेत उभे राहत, आणि प्रयोग संपला की नर्तकी बाहेर पडण्याच्या दारापाशी बर्फात पुन्हा उभे राहत. खालच्या रांगांतील बॅलेटोमान नर्तकीला हिऱ्यांचा अलंकार देण्यासाठी वर्गणी जमवी. वरचा बॅलेटोमान घसा बसेपर्यंत तिचे नाव पुकारी. रूढ इतिहासात बॅलेटोमान म्हणून जो ओळखला जातो तो खालचा. वरच्या मजल्यावरचा मनुष्य वृत्तपत्रांत लिहीत नव्हता म्हणून तो इतिहासातून निसटला, एवढेच.

खालच्या मजल्यावरच्या मनुष्यावर टीका होणे अपरिहार्य होते. भूदासप्रथा १८६१ मध्ये रद्द झाली आणि तिच्या मागोमाग देशात आर्थिक व नैतिक प्रश्नांचा कल्लोळ उठला. शाही नाट्यगृहे तर सरकारी खजिन्यावर चालत. १८६६ मध्ये नेक्रासोव्हने ‘बॅले’ ह्याच नावाची एक दीर्घ कविता लिहिली. मारिया पेतिपा शेतकऱ्याचा पुरुषवेष घालून एक लोकप्रिय नृत्य करीत असे. खुर्च्यांतील श्रीमंतांनी रंगमंचावरच्या ह्या रेशमी शेतकऱ्यावर लुब्ध व्हावे आणि खऱ्या शेतकऱ्याची त्यांना आठवणही नसावी, ही विसंगती नेक्रासोव्हच्या जिव्हारी लागली होती. साल्तिकोव्ह-श्चेद्रिनने त्याच दशकात बॅलेच्या कथानकांचे विडंबन केले. रशियन बुद्धिवंतांच्या मनात बॅलेटोमान म्हणजे प्रतिगामी, पोकळ, म्हातारा चाहता हे समीकरण ह्या लेखनाने पक्के झाले आणि ते पुढे अर्धशतकाहून अधिक टिकले. टीकेत तथ्य होते. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. ही माणसे केवळ पाहत नव्हती; ती लिहीत होती.

सेर्गेय खुदेकोव्ह हा त्यांतील एक. तो ‘पीटर्सबुर्गस्काया गाझेता’ ह्या लोकप्रिय दैनिकाचा संपादक व मालक. त्याने मारियुस पेतिपाला अनेक कथानके रचून दिली, आणि उतारवयात नृत्याचा प्रचंड सचित्र इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १९१३ मध्ये निघाला. आलेक्सान्द्र प्लेश्चेयेव्हने १८९६ मध्ये ‘आपला बॅले’ ह्या नावाने रशियन बॅलेचा १६७३ पासूनचा वृत्तान्त एकत्र केला. निकोलाय बेझोब्राझोव्ह वृत्तपत्रांत समीक्षा लिही. वेतन घेऊन समीक्षा करणारा स्वतंत्र नृत्यसमीक्षक त्या काळी जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. समीक्षेचे काम चाहत्यांनी अंगावर घेतले होते.

खुदेकोव्हच्या कथानकांतील सर्वांत प्रसिद्ध ते ‘ला बायादेर’ ह्या बॅलेचे. पेतिपाची रचना आणि मिंकुसचे संगीत असलेला हा बॅले १८७७ मध्ये नर्तकी येकातेरिना व्हाझेम हिच्या बेनिफिटच्या प्रयोगात प्रथम झाला. कथा हिंदुस्थानातील, देवळात नाचणाऱ्या निकियाची. तिचा प्रियकर योद्धा सोलोर, तिची प्रतिस्पर्धी गोवळकोंड्याच्या राजाची कन्या गाम्झात्ती. ही भूमी लेखकाने किंवा नृत्यकाराने पाहिलेली नव्हती, हे पात्रांची नावे वाचताच कळते. पण शब्दाचा मागोवा घेतला तर येथे एक खरा संबंध हाती लागतो. ‘बायादेर’ हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बाइलादैरा’पासून आला, आणि गोव्यातल्या व किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांनी हा शब्द देवळांतील नर्तकींना, म्हणजे ज्यांना गोव्यात कलावंत म्हणत त्या स्त्रियांना, लावला होता. ‘बाइलादैरा’चे मूळही तेच ‘बाल्लारे’. म्हणजे ‘बॅले’ आणि ‘बायादेर’ हे एकाच धातूचे दोन वंशज होत. एक इटलीतून सरळ पॅरिसला गेला, दुसरा पोर्तुगीज गलबतातून गोव्यास जाऊन तेथील देवळाच्या दारातून फिरून पॅरिसला आला. पीटर्सबर्गच्या रंगमंचावर ते दोघे पुन्हा भेटले. पुदुचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी १८३८ मध्ये प्रत्यक्ष पॅरिसमध्ये नाचल्या होत्या आणि थेओफिल गोतियेने त्यांच्याविषयी भारावून लिहिले होते. तरीही युरोपीय रंगमंचावरची बायादेर पुढेही आपल्या कल्पित वेषातच राहिली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बॅलेटोमानाला नेमके काय कळत होते? बॅलेची संहिता कागदावर नसे. कथानक छापले जाई, संगीताची स्वरलिपी असे, पण पावले नर्तकींच्या शरीरात आणि शिक्षकाच्या स्मरणात असत. एका नर्तकीकडून दुसरीकडे भूमिका जाताना काय बदलले, कोणते पाऊल गळले, कोठे अवघडाचे सोपे केले, हे जाणणारा मनुष्य वीस वर्षे त्याच खुर्चीत बसलेला असे. भाषाशास्त्रात मूळ भाषकाच्या निर्णयाला जे स्थान आहे, त्याच्याशी ह्याची तुलना करता येईल. भाषकाला व्याकरणाचा नियम सांगता येत नाही, पण वाक्य चुकले की त्याच्या कानाला टोचते. बॅलेटोमान स्वतः एक पाऊलही टाकू शकत नसे, पण चुकलेले पाऊल त्याला टोचे. आपल्याकडील घनपाठी वैदिकाशी मात्र त्याची तुलना करू नये. घनपाठात चूक शोधण्याची योजना पाठाच्या पद्धतीतच आहे. बॅलेटोमानाजवळ अशी कोणतीही योजना नव्हती. त्याच्या स्मरणात आवड मिसळलेली असे, आणि तरुणपणी पाहिलेली नर्तकी नेहमीच अधिक उंच उडी मारी.

ह्या जाणकारीची मर्यादा १८८५ नंतर स्पष्ट होत गेली. १८८२ मध्ये राजधानीतील शाही नाट्यगृहांची मक्तेदारी संपली आणि खाजगी रंगभूमीला वाट मिळाली. १८८५ च्या उन्हाळ्यात व्हिर्जिनिया झुक्की ही इटालियन नर्तकी शहराबाहेरच्या एका करमणुकीच्या उद्यानातील रंगमंचावर नाचली. बॅलेटोमान तेथे लोटले, आणि त्यांच्या गलबल्यामुळे शाही नाट्यगृहाला तिला बोलावणे भाग पडले. इटलीच्या सर्व समकालीन कवींपेक्षा तिच्या पाठीत अधिक काव्य आहे, असे एक मत स्कालकोव्स्कीच्या नावावर सांगितले जाते. हे चाहत्यांचे खरे कर्तृत्व होते: त्यांनी प्रतिभा ओळखली आणि संस्थेला हलविले. पुढे पिएरिना लेन्यानीने १८९३ मध्ये ‘सिंड्रेला’त आणि १८९५ मध्ये ‘हंससरोवर’मध्ये एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेतल्या. ह्या गिरक्यांनी बॅलेटोमानाला एक घातक देणगी दिली. आता त्याला मोजता येऊ लागले. जे मोजता येते तेच श्रेष्ठ, अशी समजूत प्रेक्षकांत एकदा शिरली की ती बाहेर काढणे फार कठीण असते.

ह्या दोन घटनांच्या मध्ये, १८९० च्या जानेवारीत, ‘निद्रिस्त सुंदरी’चा पहिला प्रयोग झाला. संगीत चायकोव्स्कीचे, नृत्यरचना पेतिपाची, कथानक आणि वेषभूषा खुद्द शाही नाट्यगृहांचा संचालक इव्हान व्सेव्होलोझ्स्की ह्याची. जुन्या बॅलेटोमानांना हा प्रयोग रुचला नाही. कथा पोरकट आहे, हा बॅले नसून चमत्कारांचा देखावा आहे, संगीत नृत्याच्या मानाने फार जड व सिंफनीसारखे आहे, असे आक्षेप निघाले. ज्या कृतीला पुढच्या पिढ्यांनी ह्या कलेचे शिखर मानले, तिच्यासमोर तिचे सर्वांत अनुभवी जाणकार चुकले. ह्याचे कारण अज्ञान नव्हे. त्यांचे व्याकरण पूर्ण झालेले होते, आणि पूर्ण व्याकरणाला नवे वाक्य चुकीचे वाटते.

त्याच हिवाळ्यात आलेक्सान्द्र बेनुआ हा वीस वर्षांच्या आतला विद्यार्थी त्या नाट्यगृहात होता. झुक्कीचे नृत्य त्याने शाळकरी वयात पाहिले होते आणि तेव्हापासून तो ह्या वेडात सापडला होता. ‘निद्रिस्त सुंदरी’ने त्याला भारून टाकले, तो पुनःपुन्हा येत राहिला, मित्रांना ओढून आणीत राहिला. ह्या अनुभवावाचून आपल्या मित्रमंडळींच्या हातून पुढील कार्य कदाचित घडलेच नसते, असा त्याच्या उतारवयातील आठवणींचा आशय आहे. ह्या मंडळींत सेर्गेय दियागिलेव्ह होता, लेओन बाक्स्त होता. त्यांनीच पुढे ‘मीर इस्कुस्त्वा’ म्हणजे कलाविश्व हे नियतकालिक काढले, आणि १९०९ मध्ये पॅरिसमध्ये रशियन बॅलेचा पहिला हंगाम केला. त्यामागच्या सल्लागार मंडळात जुन्या रांगांतील बेझोब्राझोव्हही होता. तेव्हा जुना बॅलेटोमान आणि नवा कलावंत असा सरळ विरोध मांडणे सोयीचे असले तरी पुराव्याला धरून नाही. नवे कलावंत हे पूर्वीचे प्रेक्षकच होते. फक्त त्यांची खुर्ची आणि त्यांचे वय निराळे होते.

त्याच सुमारास एका गरीब आईने आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला ‘निद्रिस्त सुंदरी’ दाखविण्यास नेले. आपणही असेच नाचायचे, असे त्या मुलीने तेथेच ठरविले. ती आन्ना पाव्हलोव्हा. १८९९ मध्ये ती मारिइन्स्कीत दाखल झाली आणि पुढे स्वतःचा संच घेऊन जगभर फिरली. १९२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या दौऱ्यात ती हिंदुस्थानात आली, मुंबईत तिचे प्रयोग झाले, आणि तिने अजिंठ्याची लेणी पाहिली. १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिच्या संचाने ‘अजिंठ्याची भित्तिचित्रे’ हा बॅले केला. त्याच हंगामात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला आणि लंडनमध्ये चित्रकलेचा अभ्यास करणारा उदयशंकर तिच्याबरोबर राधाकृष्णाच्या नृत्यात उभा राहिला. तिच्या पुढच्या हिंदुस्थान दौऱ्यात, १९२८-२९ मध्ये, मुंबईत राहणाऱ्या लीला सोखी ऊर्फ मेनका ह्यांना तिने उत्तेजन दिले. पुढे मेनकाबाईंनी कथ्थकला रंगमंचीय रूप दिले आणि खंडाळ्यास नृत्यशाळा काढली. रुक्मिणीदेवी अरुंडेल तर प्रथम पाव्हलोव्हाच्या निस्सीम चाहत्याच होत्या. त्यांनी तिचा प्रयोग लंडनला पाहिला, पुन्हा मुंबईत पाहिला, योगायोगाने तिच्याच बोटीतून ऑस्ट्रेलियास गेल्या आणि तिच्या संचातील नर्तकीकडून बॅलेचे धडे घेतले. आपल्या देशातील कलेचा शोध घ्यावा, हा सल्ला त्यांना पाव्हलोव्हाकडून मिळाला. १९३६ मध्ये मद्रासला त्यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. भरतनाट्याच्या आधुनिक इतिहासातील हा टप्पा पीटर्सबर्गच्या प्रेक्षागृहातून पाहिला तर निराळा दिसतो. देवदासींकडून काढून घेऊन नव्या मध्यमवर्गाच्या हाती दिलेली कला, हा त्यावरचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. परंतु येथे पाहण्यासारखे हे की ‘बायादेर’चे सोंग पाहणाऱ्या परंपरेतूनच एक नर्तकी मूळ बायादेरींच्या देशात आली.

१९१७ च्या क्रांतीने जुन्या वर्गणीदारांच्या रांगा मोडल्या. नंतरच्या हिवाळ्यांत मारिइन्स्कीत सरपण नव्हते. नर्तकींच्या श्वासाची वाफ दिसे, प्रेक्षक कोट घालून बसत, आणि ह्या प्रेक्षकांत सैनिक, खलाशी व कामगार होते. प्रयोग मात्र चालू राहिले. त्याच काळात निकोलाय सेर्गेयेव्ह हा मारिइन्स्कीचा तालीम-नियंत्रक १९१८ मध्ये देश सोडून गेला. त्याने बरोबर बॅलेंच्या लिखित नोंदींचा मोठा संग्रह नेला. व्लादिमीर स्तेपानोव्ह ह्या नर्तकाने १८९२ मध्ये पॅरिसमध्ये शरीराच्या हालचालींची एक वर्णमाला प्रसिद्ध केली होती. संगीताच्या स्वरलिपीवर आधारलेल्या ह्या पद्धतीने पेतिपाच्या बॅलेंची नोंद पीटर्सबर्गात होऊ लागली होती. लिपी नसलेल्या भाषेला अखेर लिपी मिळाली होती. सेर्गेयेव्हने ह्या नोंदींवरून लंडनमध्ये ‘जिझेल’, ‘कोपेलिया’, ‘निद्रिस्त सुंदरी’ हे बॅले उभे केले. इंग्लंडमधील बॅलेचा पाया त्यावर बसला. १९६९ मध्ये तो संग्रह हार्वर्ड विद्यापीठाकडे गेला.

ह्या नोंदी परिपूर्ण नाहीत. कित्येक ठिकाणी केवळ पायांच्या हालचाली आहेत, हातांच्या नाहीत. काही ठिकाणी मुख्य नर्तकीच्या जागी कोराच भाग आहे. अशा ठिकाणी अभ्यासकाला पुन्हा स्कालकोव्स्की, प्लेश्चेयेव्ह आणि खुदेकोव्हच्या दैनिकातील अनाम लेखक ह्यांच्याकडे जावे लागते. कोणत्या रात्री कोण नाचली, कोणता भाग प्रेक्षकांनी पुन्हा करावयास लावला, कोणत्या अंकात कोणाच्या लाभासाठी नवे नृत्य घुसडले, हा तपशील त्यांच्या मजकुरात विखुरलेला आहे. ज्या लेखनाला समकालीन बुद्धिवंतांनी बडबड म्हटले, ते आज साधनग्रंथ झाले आहे. अर्थात ते वाचताना लेखकाचा पक्ष कोणता हे आधी पाहावे लागते.

१९९९ मध्ये सेर्गेय व्हिखारेव्हने हार्वर्डमधील नोंदींच्या आधारे मारिइन्स्कीत १८९० ची ‘निद्रिस्त सुंदरी’ आणि २००२ मध्ये ‘ला बायादेर’ पुन्हा उभी केली. ‘बायादेर’चा देऊळ कोसळण्याचा शेवटचा अंक सोव्हिएत काळात गाळलेला होता, तो परत आला. परदेशातील अभ्यासकांनी ह्या प्रयत्नाचे स्वागत केले. पीटर्सबर्गमध्ये मात्र तीव्र मतभेद झाले. तेथील नर्तक आणि प्रेक्षक ज्या ‘निद्रिस्त सुंदरी’वर वाढले होते ती १९५२ ची आवृत्ती होती. त्यांच्या दृष्टीने कागदावरून आलेली जुनी पावले परकी होती, मूकाभिनयाचे लांबलचक भाग कंटाळवाणे होते, आणि स्मरणातली पावले हीच परंपरा होती. शंभर वर्षांपूर्वी ज्या नाट्यगृहातील जाणकारांनी ही कृती अतिनवी म्हणून नाकारली होती, त्याच नाट्यगृहातील जाणकारांनी आता ती अतिजुनी म्हणून नाकारली. ‘बायादेर’च्या बाबतीत तर मारिइन्स्कीच्या नित्याच्या प्रयोगांत १९४१ ची आवृत्तीच परत आली.